कानाने घेतलेला कॅमेरा

कॅमेरा लोक डोळ्याला लावून विकत घेतात. वरच्या मजल्यावरच्या टिकटिकरावांनी तो कानाला लावून घेतला. उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला, दुसरं सुचणार काय? जुन्या वस्तूंच्या दुकानात बटण दाबलं, आतली कुर्रर्र ऐकली आणि मान डोलावली. कोपऱ्यांवरचा काळा रंग उडून पितळ उघडं पडलेलं, कातडं सुटलेलं.

"काका, आत डोकावून तरी बघा," दुकानदार म्हणाला.

"यंत्र बोलतंय ना? झालं तर!"

घरी येऊन डोकावले. या जातीच्या कॅमेऱ्याच्या खिडकीत मधोमध एक पुसट, दुसरं चित्र दिसतं. भिंगाभोवतीचं कडं फिरवलं की ते सरकत पहिल्यावर बसतं. मग फोटो स्पष्ट. यांनी कडं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. समोरच्या पाण्याच्या टाकीच्या दोन टाक्या झाल्या त्या झाल्याच.

तुम्ही-आम्ही म्हणू, कॅमेरा बिघडलाय. पण ज्याचं पोट भिंग लावलेल्या उजव्या डोळ्यावर चालतं, त्याला आधी डोळाच आठवणार. डावा लावून पाहिला. तिथेही दोन! शहाण्याने सुटकेचा श्वास सोडला असता. हे पुटपुटले, "मेलो. दोन्ही गेले."

नुसत्या डोळ्यांना एकच दिसे, पण भीतीला ते कुठलं पटायला! एकेक घड्याळ तीनतीनदा उघडायचे. डोळ्यांच्या डॉक्टरची पाटी दिसली की रस्ता ओलांडायचे.

आठवड्याने धीर करून कॅमेरा बायकोच्या हातात दिला. "अगं, माझ्याकडे बघ. किती दिसतोय?"

"दोन. एक काय कमी होता?"

टिकटिकराव हसत सुटले. "म्हणजे कॅमेराच खराब!"

तिने कॅमेरा खाली ठेवला. ती हसत नव्हती. "अहो, आतासुद्धा दोनच दिसताय. महिना झाला. तुम्ही घाबराल म्हणून बोलले नाही."

त्यांनी तळव्याने तिचा एक डोळा झाकला. "आता?"

"एक."

दुसरा झाकला. "आणि आता?"

"एकच. दोन्ही उघडले की दोन."

म्हणजे डोळे एकेकटे धड, जुळणीच बिघडलेली. घड्याळ असतं तर उघडून पाहिलं असतं. त्यांनी गॅस बंद केला, तिच्या चपला आणून पायापुढे ठेवल्या. "चल डॉक्टरकडे."

"अहो, भाजी अर्धी कच्ची आहे!"

"राहू दे कच्ची."

जिन्यात तिने हळूच विचारलं, "काही वाईट नसेल ना हो?"

टिकटिकरावांनी तिचं मनगट धरलं. त्यांचीच बोटं गार पडली होती.