मिळून

वरच्या मजल्यावर कुणी सुके बोंबील भाजायला घेतले की गोखिवऱ्यातल्या या इमारतीच्या खिडक्या पटापट लागतात. मी माझी उघडी ठेवते. त्या वासाबरोबर पाचूबंदरचा वारा येतो, बांबू रोवून दोऱ्या ताणलेल्या वलांडीवर रांगेने लटकलेले ओले बोंबील येतात आणि माझी थोरली जाऊ येते.

आम्ही दोघी समोरासमोर उभ्या राहून बोंबील वाळत घालायचो. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. माझा हात संथ. ती म्हणायची, "लगीन लावतेस का गो बाय त्यांचं? मुहूर्त टलंल." मी हसून खाली बघायची. शाळा माझी चौथीपर्यंतच, पण शब्दांकडे कान असायचा. जाळं सांधतात, दोर गाठवतात, कालवण एकजीव करतात. प्रत्येक जोडण्याला तिच्याकडे वेगळा शब्द होता. एकदा घरपट्टीच्या कागदावर घराच्या नोंदीपुढे 'सामाईक' लिहिलेलं मी तिला वाचून दाखवलं, तेव्हा म्हणाली, "येवरा मोटा शब्द कशाला? आपलं म्हनायचं."

थोरले दीर गेले. तिला मूलबाळ नव्हतं. वर्ष सरलं आणि माझ्या नवऱ्याने घर विकून वेगळं व्हायची गोष्ट काढली. ओटीवर चार माणसं बसली होती. ती कुणाशी भांडली नाही. माझ्याकडे वळून एवढंच म्हणाली, "तू सांग. मिलून र्‍हायाचं ना आपन?" माझ्या ओठांवर 'हो' होतं. पुरुषांसमोर मला कधी बोलता आलं नव्हतं, त्या दिवशीही आलं नाही. माझं गप्प बसणं म्हणजे नवऱ्याला होकार, असं सगळ्यांनी धरलं. तिनेही.

घर विकलं; आम्ही या फ्लॅटमध्ये आलो, ती अर्नाळ्याला भावाकडे गेली. आजारी पडल्याचं कळलं तेव्हा मी एकटीच गेले, वाटभर तो 'हो' मनात घोळवत. तिने खाटेवर सरकून मला जागा दिली. मी पापलेटाचा भाव सांगितला, फ्लॅटमधल्या पाण्याची रड सांगितली. ती ऐकत राहिली. निघताना म्हणाली, "येत जा."

पुढच्या खेपेला खाट अंगणात भिंतीशी उभी करून ठेवलेली होती. तिची भावजय म्हणाली, "तुमी वेगली झालेली मान्सं. कसं कलवायचं?"

एकत्र असण्याचे किती शब्द आपल्याकडे आहेत, ते मी दुपारी वहीत लिहून बघते. लिहिता सगळे येतात. म्हणायला मात्र समोर दुसरं माणूस लागतं.