द्वारकावहिनी जपानी वाचायला शिकते

आमची द्वारकावहिनी लग्न होऊन कल्याणला आली तेव्हा तिला मराठी अक्षरंसुद्धा पोथीपुरतीच येत होती, तीही बोट ठेवून. तीच पुढे जपानी वाचायला शिकली. विदुषी व्हायची हौस नव्हती हो तिला. नवऱ्याबरोबर जायचं होतं, एवढंच.

माझा थोरला भाऊ महिपत मुंबईत एका कापसाच्या दलालाकडे कारकून होता. तिकडेच खोली घेऊन राही आणि रविवारी घरी येई. जपानच्या आगबोटी तेव्हा नुकत्याच मुंबईला नेमाने लागू लागल्या होत्या. दलालाने ठरवलं, महिपतला काही वर्षं जपानात, कोबे बंदरावर ठेवायचं. घरात हे कळलं तशी आईने आधी रडून घेतलं आणि मग विचारलं, "कोबे म्हणजे वसईच्या पुढे का रे?"

वहिनी रडली नाही. मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. भाकरी थापता थापता मला म्हणाली, "वन्सं, मी पण जाणार."

आमच्या वडिलांपुढे, तात्यांपुढे, आईने विषय काढला. तात्या म्हणाले, "समुद्र एकाने ओलांडला तेवढा पुरे. आणि ही तिथे करणार काय? बोललेलं कळणार नाही, लिहिलेलं वाचता येणार नाही. बाहुलीसारखी कोपऱ्यात बसेल. तिथली अक्षरं वाचून दाखव म्हणावं, मग धाडतो." म्हणजे नाहीच म्हणाले ते. पण वहिनीने तो शब्द पदराला गाठ मारून ठेवला.

दलालाकडे कापूस घ्यायला ओनो नावाचा एक जपानी गृहस्थ येई. त्याने दादाला अक्षरांचा तक्ता काढून दिला होता. दादाने प्रत्येक अक्षराखाली मराठीत उच्चार लिहिला आणि रविवारची शिकवणी सुरू झाली. अ, इ, उ, ए, ओ. मग का, कि, कु, के, को.

"अगं बाई, ही तर आपलीच बाराखडी!" वहिनी खूश झाली. ती खुशी दुपारपर्यंत टिकली. आपल्याकडे एकदा क आला की त्याला वेलांटी द्या, उकार द्या, काम झालं. त्यांचा 'का' आणि 'कि' एकमेकांना ओळखसुद्धा दाखवत नाहीत. प्रत्येकाची चूल वेगळी.

मग वहिनीने आपल्या खुणा शोधल्या. 'हा' म्हणजे मामंजींच्या मिशा. 'हे' म्हणजे झोपडीचं छप्पर. 'रो' म्हणजे खिडकी. 'मि' म्हणजे कपाळावरचे भस्माचे पट्टे, जरा कलते. तांदूळ निवडताना ताटात गिरवायची, अंगणात रांगोळीने काढायची. एका सकाळी समोरच्या जयाकाकूंनी ती रांगोळी पाहिली आणि आईला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुमची सून कोणावर करणी करते आहे, जरा चौकशी करा." तेव्हापासून रांगोळी बंद झाली, तांदूळ तेवढे राहिले.

उच्चारांत दादाच जास्त अडे. इंग्रजी शिकलेला ना! 'त्सु' आलं की 'टुसू, टुसू' करत बसायचा.

"अहो, चूल म्हणा आणि ल गिळून टाका," वहिनी म्हणाली.

"ल तर त्यांच्याकडे नाहीच. ल आला की र म्हणतात."

"मग लाडवाला काय म्हणत असतील?"

"राडू."

"मग एकटे जाल तर राडूच खा बसून!"

मी पाय पसरून शेजारी बसलेली असे. ऐकून ऐकून मलाही चार-दोन अक्षरं आली.

बोटीचा दिवस जवळ आला तसं दादाने ओनोला एका रविवारी जेवायलाच आणलं. आई आधी नाक मुरडत होती. पण त्याने वालाच्या बिरड्याची वाटी दोन्ही हातांनी उचलून ओठाला लावली, तेव्हापासून ती त्याच्या बाजूची झाली.

जेवणं झाल्यावर तात्या म्हणाले, "आता होऊन जाऊ द्या परीक्षा."

परक्या पुरुषापुढे वहिनी येणार नव्हतीच. ती आणि मी माजघराच्या दाराआड बसलो. ओनो ओसरीवर पाटीवर लिहिणार आणि दादा ती दारातून आत सरकवणार.

पहिली पाटी आली. "का... रि... या... ना... कारियाना... अगं बाई, कल्याण!"

बाहेर ओनोने मान लववली. तात्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

दुसरी पाटी आली आणि वहिनी गप्प झाली.

"द्वारके, अडलीस का?" तात्यांनी विचारलं. आतून हूं नाही की चूं नाही. "पहिला शब्द पाठ असेल. ठीक आहे, इथंच राहा सुखाने."

मी पाहिलं तर वहिनीने पदराचा बोळा तोंडात धरलेला आणि चेहरा लालबुंद.

"वाच ना गं!"

"कशी वाचू, वन्सं?"

"येत नाही?"

"येतंय म्हणून तर!"

मी पाटी हिसकावून घेतली. पहिलं अक्षर 'मा', शेवटचं 'ता'. मधली दोन मला येत नव्हती, पण वहिनीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि उजेड पडला. पाहुण्याने मोठ्या कौतुकाने यजमानाचं नाव लिहिलं होतं.

"तात्या," मी आतून ओरडले, "पाटीवर दादाचं नाव आहे, महिपत! बायको असून ती कसं घेईल?"

दादाने ओनोला समजावलं. तो बिचारा वाकून वाकून माफी मागू लागला. पण तात्या हटेनात. "वाचून दाखवायचं ठरलं होतं. मी काही ऐकलेलं नाही."

"मग उखाण्यात घेईल," आई म्हणाली. "कान उघडे ठेवा म्हणजे झालं."

मग दाराआडून वहिनीचा आवाज आला, अगदी खणखणीत:

"पाटीवरची अक्षरं वाचते दाराआड,
महिपतरावांसंगे मला धाडा समुद्रापल्याड."

तात्यांनी अडकित्ता उचलून सुपारी कातरली. मग म्हणाले, "महिपत, तिचंही तिकीट काढ. प्रायश्चित्ताचं मी भटजींशी बोलतो."

कोबेहून वहिनीने माझ्या सासरी ठाण्याला लिहिलं, मोठमोठ्या वाकड्या अक्षरांत: "वन्सं, फसले हो! इथल्या दुकानांवर आपल्या तक्त्यातली अक्षरं फार थोडी आहेत. दुसरीच चित्रासारखी अक्षरं आहेत, आणि ती हजारोंनी. ह्यांनी तर कपाळावर हात मारला. पण नवख्यांना कळावं म्हणून काही छापील कागदांत त्या मोठ्या अक्षरांच्या कडेला आपल्या तक्त्यातल्यासारखी बारकी अक्षरं घालतात. ती धरून वाचते आहे. मासळीबाजाराची पाटी काल ओळखली. मामंजींना सांगा, बाहुलीला बसायला वेळ नाही."