रिकाम्या बसची पाटी

शेवटचं मूल उतरलं की बस डेपोत आणायची, इंजिन बंद करायचं आणि सीटांवर, सीटांखाली बघत थेट मागच्या काचेपर्यंत चालत जायचं. तिथे हुकाला पाटी लटकवायची: ‘बस रिकामी आहे’. शाळेच्या बस चालवणाऱ्यांचा हा नियम. हूक मुद्दाम सगळ्यात मागे ठोकलेला, म्हणजे कामचुकार ड्रायव्हरलाही तिथवर जावंच लागतं. नियम करणाऱ्याला माणसाचा आळस चांगला ठाऊक होता, पण भीतीचा त्याने विचारच केला नव्हता.

कारण मुलं जिला मावशी म्हणत, ती ड्रायव्हरबाई पाटी लावून उतरायची, दाराला कुलूप घालायची आणि तेच कुलूप काढून पुन्हा आत जायची. मग पुन्हा. रखवालदार आधी कौतुक करायचा, नंतर हसायचा, पुढे पुढे त्याने हसणंही सोडलं. बाई घरी पोचेपर्यंत दिवे लागलेले असत. छातीत धडधड, हाताला घाम, आणि डोळे मिटले की बंद बसच्या काचेवर आतून थापा मारणारे चिमुकले हात. शेवटी ती सासूला ‘दात दाखवून येते’ असं सांगून डॉक्टरकडे गेली. तो डॉक्टर दातांचा नव्हता.

“हा चिंतेचा आजार आहे,” डॉक्टर म्हणाले. “वेड नाही. उपचार आहेत. गोळ्या घ्यायच्या आणि बस एकदाच तपासायची. मागे फिरायचं नाही, कुणाला ‘नक्की ना?’ असं विचारायचं नाही. भीती येईल, येऊ द्या. बसेल थोडा वेळ आणि जाईल.”

बोलायला काय जातं! तिची भीती चिवट पाहुण्यासारखी होती, चहा झाला तरी उठायचं नाव नाही. उलट आजाराला नाव मिळाल्यापासून ती दुप्पट झाली. पूर्वी भीती वाटली की बाई सरळ बघून यायची. आता आधी ठरवायला लागायचं, ही भीती माझी की आजाराची? आणि एखाद्या दिवशी आजाराची समजून खरीच सोडून दिली तर? त्यावर शाळेला कळायची धास्ती. ‘डोकं फिरलेली बाई आमची मुलं नेते’ असं एका आईने म्हटलं की संपलं. म्हणून गोळ्या तिने बटणांच्या डब्यात, दोऱ्याच्या रिळांखाली दडवल्या. नवऱ्याची नोकरी दुसऱ्या गावात, त्याला फोनवर काही बोलली नाही. घरात उरल्या सासूबाई, आणि त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे.

त्या दिवशी बसमधली मदतनीस सुट्टीवर होती. बाईने मुलं एकटीने उतरवली, बस लावली, एकदाच तपासली आणि दात आवळून घरी आली. मागे फिरली नाही म्हणून तिला स्वतःचा थोडा अभिमानही वाटत होता. चहाचं आधण ठेवलं, फोन काढायला पिशवीत हात घातला आणि हाताला पाटी लागली.

पाटी इथे म्हणजे हुकाला नाही. हुकाला नाही म्हणजे मी मागे गेलेच नाही. मग शेवटच्या सीटवरची झोपाळू? ती चिमुरडी रोज पाय पोटाशी घेऊन झोपायची, इतकी गाढ की बाईने तिचं नाव कुंभकर्ण ठेवलं होतं. तिला उतरवायला आजोबा आले होते. आले होते ना? आजोबांची टोपी आठवत होती, पण ती आजची की कालची? त्यांना फोन करावा, तर काय विचारायचं? ‘तुमची नात घरी आहे का?’ असं विचारणारीच्या बसमध्ये उद्या कोण मूल पाठवेल?

आधण उकळून उतू गेलं. सासूबाई आतून आल्या, गॅस बंद केला आणि सुनेकडे पाहिलं.

“काय गं? पांढरी फटक पडलीस!”

“आई, पाटी माझ्याकडेच राहिली.”

“मग जाऊन बघून ये.”

“नाही जायचं म्हणून सांगितलंय.”

“कुणी? दातांच्या डॉक्टरने?”

सासूबाई खुर्ची ओढून बसल्या. “परवा ब्लाउजला हूक लावायला डबा उघडला होता मी. दातदुखीच्या गोळ्या कुणी बटणांत लपवत नाही. म्हटलं, सांगेल आपणहून. माझं पोट केवढं फुगलंय गप्प राहून, माहितेय?”

बाईला रडूच फुटलं. रडतरडत तिने सगळं सांगितलं, आजार, नियम, थापा मारणारे हात. “आई, मला कळतच नाही हो, खरं काय ते. मला फार भीती वाटते.”

“हे बघ, हातात पाटी आहे, तर जायलाच हवं. हे काही आजाराचं नाही,” सासूबाई म्हणाल्या. “पण एकदाच. ऊठ.” आणि पाटी उलटीपालटी करून बघत, जाता जाता त्यांनी बटणांच्या डब्यातलं जाड दोऱ्याचं रीळ कमरेला खोचलं.

डेपोपर्यंत बाई जवळजवळ धावतच होती. मावळतीचं ऊन बसच्या बंद काचांवर होतं. कुलपात किल्ली शिरेना, सासूबाईंनी तिचं मनगट धरलं तेव्हा शिरली. आत गरम हवा कोंडलेली. ती एकेक सीट बघत, वाकून खाली बघत मागे गेली. शेवटच्या सीटजवळ पाऊल उचलेना. तिने डोळे मिटून पाऊल टाकलं आणि उघडले.

सीट रिकामी होती. वर हुकाला तुटक्या दोरीचं टोक लोंबत होतं.

मग आठवलं. पाटी लावतानाच दोरी तुटली होती, घरी नवी ओवू म्हणून तिने पाटी पिशवीत टाकली होती. म्हणजे ती आली होती इथवर, सगळं नीट केलं होतं. तिने सुस्कारा सोडला. तो पुरता सुटायच्या आत आतून कुणीतरी विचारलं, ‘दोरी तुटली तेव्हा सीटखाली पाहिलंस का? आणि आता? आता पाहिलंस?’

सासूबाई दारातून म्हणाल्या, “अगं, कुणी ना...”

“नका सांगू, आई!” ती ओरडली. “तुम्ही सांगितलंत तर उद्याही विचारीन. रोज विचारीन.”

सासूबाईंनी जीभ चावली. निमूटपणे मागे आल्या, रिळाचा दोरा दुहेरी करून पाटीत ओवला आणि पाटी सुनेच्या हातात दिली. बाईने ती हुकाला लावली. दोघी उतरल्या. कुलूप लागलं.

फाटकाशी बाई थबकली.

“आई, मला परत जायचंय.”

सासूबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. जन्मात कुणापुढे गप्प न बसलेल्या सासूबाईंनी सुनेचा हात आपल्या हातात घट्ट धरला आणि त्या चालायला लागल्या. घर येईपर्यंत दोघी एक शब्द बोलल्या नाहीत. बाईचे कान सगळी वाट मागे, काचेवरच्या थापांकडे लागले होते, आणि तरीही ती चालत होती.