तात्यांचा खुलासा

दरवर्षी जूनमध्ये शाळा उघडल्या की तात्या टोकावड्याहून एसटीने निघायचे, शहापूरच्या आमच्या दैनिकाच्या कचेरीत यायचे आणि माझ्या टेबलावर एक कागद ठेवायचे. मजकूर तोच, तारीख तेवढी नवी.

"छापतेस का नाय गो?"

"तात्या, संपादकसाहेब नाही म्हणतात."

"मंग म्होरल्या साली परत आणीन. मी काय मेलो नाय अजून."

चहासुद्धा न घेता जायचे. खोटं कशाला बोलू, उद्याच्या अंकाचं पान लावायच्या घाईत ते दारात दिसले की मला नको जीव व्हायचा.

तात्या आमच्या दैनिकाचे मुरबाड भागातले पहिले वार्ताहर. दैनिक निघालं तेव्हा बातमीचं पाकीट ते कल्याणला जाणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायचे आणि तिथून छापखान्याचा माणूस ते उचलायचा. पुढे फॅक्स आला, मग मोबाइल आला. तात्यांची चाल मात्र पायीच. मोबाइलवरून बातम्या जमवणाऱ्या आम्हा लोकांना ते तोंडावर सुनवायचे, "पायाला चिखल नाय लागला तर ती बातमी नाय, निरोप हाय."

असं म्हणणारा माणूस एकदाच चुकला. एका पाड्यावर सभा ठरली होती, मध्ये ओढा भरून वाहत होता, म्हणून ते गेले नाहीत. ढाब्यावर एका पुढाऱ्याने तोंडी सांगितलं तेवढ्यावर बातमी लिहिली. आमच्या धंद्यात प्रत्येक सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडते आणि प्रत्येक ठराव एकमताने मंजूर होतो. हात सवयीने लिहून जातो. तात्यांनीही लिहिलं: पाड्यावरची शाळा बंद करून ओढ्यापलीकडच्या गावात नेण्यास ग्रामस्थांची एकमताने संमती.

सभा झालीच नव्हती. पाड्यावरच्या बाया भांडायला सरकारी कार्यालयात गेल्या, तर साहेबाने तेच कात्रण पुढे केलं. "तुम्हीच हो म्हणालात की, पेपरात आलंय." शाळा गेली. पावसाळ्यात ओढा ओलांडून पोरींना कोण पाठवणार? त्या घरीच बसल्या.

तात्यांनी त्याच आठवड्यात खुलासा लिहून दिला. बातमी खोटी, सभा झाली नाही, वार्ताहर तिथे गेला नाही, खाली स्वतःचं नाव. संपादक म्हणाले, दैनिकाची अब्रू जाईल. तात्या म्हणाले, "तुमची अब्रू जाईल, त्यांची तर शाळा गेली." खुलासा छापला नाही. तेव्हापासून ते दर जूनमध्ये यायचे.

दैनिकाला पन्नास वर्षं झाली आणि इतिहासाची पुरवणी निघाली. मुरबाड-शहापूरचा भाग लिहायला सांगितला तात्यांना! त्यांनी पाकिटापासून मोबाइलपर्यंत सगळं झकास लिहिलं आणि मधोमध तो खुलासा घातला. संपादकांनी तो माझ्याकडून कापून घेतला. होय, मीच कापला. त्या जागी 'सदैव वंचितांच्या बाजूने' असं मोठ्या अक्षरांत आलं. लाज वाटली, पण पान छपाईला सोडलं.

शहापूरच्या मंगल कार्यालयात समारंभ होता. तात्यांना सत्काराला बोलावलं. खांद्यावर पडलेली शाल त्यांनी काढून खुर्चीवर ठेवली, खिशातला कागद उलगडला आणि माइकवर वाचायला लागले. कुणीतरी माइक बंद केला. तात्यांचा आवाज या बांधावरून त्या बांधावर हाका मारून कमावलेला. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही शब्द न् शब्द ऐकू गेला.

खाली उतरताना माझ्यापाशी थांबले. "खुलासा तुमी छापत नाय. पर ही तर बातमी झाली ना गो?"

झाली होतीच की! संपादक अजून पाहुण्यांत अडकलेले, मी दुपारीच पान लावलं. खुलासा पूर्ण घेतला आणि पहिलं वाक्य लिहिलं: 'समारंभ खेळीमेळीच्या वातावरणात पार पडला नाही.' सकाळी संपादकांचा फोन आला, "तुम्हाला अधिकार कुणी दिला?" म्हटलं, "साहेब, मी सभेला हजर होते." त्यांनी मला राशीभविष्याच्या पानावर बसवलं.

तो अंक घेऊन तात्या त्या पाड्यावर निघाले, मीही सोबत गेले. तात्यांनी अंगणात उभं राहून सगळं वाचून दाखवलं. भात पाखडत बसलेली ठमीबाय सूप खाली ठेवून म्हणाली, "आता छापलंस व्हय रे? माजी नात तवा दुसरीत होती. आज तिच्याच कडेवर पोर हाय, आन् तिला गाडीची पाटी वाचता येत नाय. तुजा पेपर तिनी वाचायचा कसा?"

मी मध्ये पडले, "अहो, तात्यांनी इतकी वर्षं..."

"गप गो," तात्या माझ्यावरच ओरडले. "खरं बोलते ती. हे पन छाप. तिच्या नावानं."

"तात्या, माझ्याकडे आता फक्त राशी आहेत."

"मंग राशीत छाप."

दोन दिवसांनी मेषेपासून मीनेपर्यंत बाराही राशींखाली ठमीबायचं बोलणं छापून आलं, तिच्या नावासकट. माझी नोकरी गेली. मी ती परत मागायला गेले नाही.

चार महिन्यांनी तात्यांनी अंथरूण धरलं. भेटायला गेले, उशाशी बसले, आणि मला रडू आवरेना. त्यांनी डोळे उघडले. आवाज पार गेला होता, तरी तोंड तेच.

"रडतेस काय? शाळा आली का त्यांची?"

"नाही, तात्या."

"मंग हितं काय बसलीस? ऊठ."