चाकावरचे लाल नट

माझं लाल नेलपॉलिश महिन्याला एक बाटली या हिशोबानं संपायला लागलं. आणि मी ते लावणार कधी, तर कुणाचं लग्न असलं की आणि नाताळात. आधी मला धाकट्या बहिणीचा संशय आला, कारण दुसऱ्याच्या आरशापुढची वस्तू तिला स्वतःचीच वाटते. मग एका रविवारी चहा घेऊन मागच्या शेडमध्ये गेले, तर माझा नवरा क्लिफ, फावड्याएवढ्या पंजांचा माणूस, जन्मभर बस डेपोत इंजिनं उघडलेला, फरशीवर बसकण मारून, जीभ बाहेर काढून, गाडीच्या चाकाला माझं पॉलिश लावत होता.

"क्लिफर्ड बूथरॉइड, हे काय चाललंय?"

"नट रंगवतोय."

"माझ्या पॉलिशनं?"

"ब्रश बारीक आहे ना त्याचा. आणि वाळतंही झटकन. चहा इथं ठेव."

शरम नाही, काही नाही. मी चहा तिथं ठेवला आणि तोंडाचा पट्टा सुरू केला, पण त्याच्या कानावरची माशीसुद्धा हलली नाही. वरून मला सांगतो, "हा रंग छान आहे. पुढच्या वेळी हाच आण."

ती गाडी म्हणजे लढाईच्या काळातली ऑस्टिनची रुग्णवाहिका. खोऱ्याच्या वरच्या अंगाला एका मेंढीवाल्याच्या रानात ती पडून होती आणि तिच्यात कोंबड्या राहत होत्या. जखमींना निजवायच्या फळ्यांवर अंडी! क्लिफनं ती ओढून घरी आणली तेव्हा सबंध गल्ली नाकाला रुमाल लावून दारात उभी. मी म्हटलं, "ही आत येणार असेल तर मी बाहेर जाते." तो म्हणाला, "जाताना घासकागद घेऊन ये."

त्यानंतर किती वर्षं गेली ते विचारू नका. माझ्या जेवणाच्या टेबलावर कार्बुरेटर असायचा. रविवारी बीफबरोबर खायचं पिठाचं खारं पुडिंग फुगायला ओव्हन तापवावा, तर आत आधीच बेअरिंग शेकत ठेवलेलं. शेजारणी म्हणायच्या, "मॅविस, तुझा नवरा निदान गुत्त्यात तरी नसतो." मी म्हणायचे, "गुत्त्यातून माणूस परत तरी येतो गं."

पण आता खरं ते सांगते, त्याचं काम बघत बसावं असं होतं. रंग तो खरवडून काढायचा नाही. पाणी आणि बारीक घासकागद घेऊन एकेक थर उतरवायचा, कांद्याचा पापुद्रा काढावा तसा. वरचा मेंढीवाल्याचा काळा, खाली हिरवा, त्याखाली वाळवंटातला मातकट पिवळा. एका दुपारी त्या पिवळ्याच्या आत लाल क्रॉसचा कोपरा दिसला, आणि या माणसानं मला स्वयंपाकघरातून पिठाच्या हातानं ओढत नेलं. "बघ. कुणीतरी हातानं काढलाय. ही कड वाकडी आहे बघ, घाईत होता बिचारा." ती वाकडी कड त्यानं तशीच ठेवली. सरळ करायला त्याला पाच मिनिटं लागली नसती.

बर्फानं रस्ते बंद झाले त्या हिवाळ्यात डॉक्टरांची मोटार चढावर हलेना, तेव्हा हीच म्हातारी गाडी वरच्या वाड्यांवर दूध, पाव आणि औषधं घेऊन गेली. हिच्या पुढच्या बाजूला दारंच नाहीत, नुसते कापडी पडदे. क्लिफ परत आला तेव्हा त्याच्या मिशांना बर्फ लागलेलं. मी शिव्या घालत त्याचे बूट काढले. त्या दिवशी मला त्याचा इतका अभिमान वाटला की रात्रीच्या जेवणाला मी त्याला दोनदा पुडिंग वाढलं.

लाल नटांचा त्याला एवढा ध्यास का, ते मात्र मला कधी नीट कळलं नव्हतं. त्या लष्करी गाड्यांची चाकं म्हणजे एकमेकींवर पालथ्या ठेवलेल्या दोन थाळ्या. नटांचं एक कडं चाक गाडीला धरून ठेवतं, दुसरं त्या दोन थाळ्या एकमेकींना. मध्ये टायरची हवा. चाक काढताना चुकून हे दुसरे नट सोडवले, तर थाळी तोफेसारखी सुटते. म्हणून त्यांना लाल रंग. क्लिफ गाडी सुरू करायच्या आधी प्रत्येक चाकाशी वाकायचा आणि त्या नटांवरून तळवा फिरवायचा. जुन्या लष्करी गाड्यांचा दरवर्षी मेळावा भरायचा, तिथं तर दुसऱ्यांच्या गाड्यांचेही नट तपासायचा, आणि कुणाचा रंग उडालेला दिसला की खिशातून माझी बाटली बाहेर. सगळे हसायचे. आमचा सेथ, गावातला खाटीक आणि क्लिफचा जिवलग, बेडफर्ड ट्रकवाला, तो तर लांबूनच ओरडायचा, "आला रे आला! बायांनो, नखं पुढे करा!"

आता त्या वर्षीच्या मेळाव्याचं सांगते. क्लिफचे गुडघे गेले होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, गाडीखाली झोपणं आता बंद. म्हणजे ही त्याची शेवटची गाडी, आणि मेळाव्याचा मोठा चांदीचा कप मिळवायची ही शेवटची संधी. कप हवाय असं तो तोंडानं कधी म्हणाला नाही. पण घरातल्या शेकोटीवरच्या फळीवरून माझ्या आईचं घड्याळ त्यानं गुपचूप कपाटावर हलवलं होतं. एवढा लांबरुंद माणूस, आणि लबाडी बघा कशी पोरासारखी.

सकाळी परीक्षक आले, हॉलरॉइड नावाचे निवृत्त मेजर, अगदी सभ्य माणूस. त्यांनी इंजिन ऐकलं, पडद्यांची शिवण बघितली, वाकड्या क्रॉसपाशी तर टोपी काढून उभेच राहिले. मग चाकांपाशी आले.

"मिस्टर बूथरॉइड, वाळवंटातल्या त्या तुकडीचा फोटो आहे माझ्याकडे. चाकं सगळी एकाच रंगाची आहेत. हे लाल नट तेवढे..."

"फोटो काळा-पांढराच असेल ना?" मी मध्येच म्हटलं. "त्यात लाल कसा दिसणार हो?"

"गडद तरी दिसले असते, बाईसाहेब." ते हसले. "जेवणानंतर मी परत येतो. तेवढे पिवळे करून ठेवा. मग दुसरं काही बोट ठेवण्यासारखं नाही."

माझ्या डोळ्यांपुढे ती रिकामी फळी आली. आणि क्लिफ म्हणतो, "नाही जमायचं, मेजर." बस्स. एवढं बोलून कुणाची तरी मोटारसायकल सुरू होत नव्हती तिकडे लंगडत निघून गेला.

मी बेकन सँडविचच्या रांगेत गेले. परत आले तर सेथ आमच्या गाडीशी ओणवा. हातात पिवळ्या रंगाचा डबा, आणि शेवटचं चाक चाललेलं.

"बोलू नकोस काही," तो म्हणाला. "हा गाढव स्वतःच्या हातानं लावणार नाही. मागच्या वर्षीपासून मी याची नजर चुकवून माझे रंगवतो, काय बिघडलं? बेडफर्ड दुसरी आली. या म्हाताऱ्याच्या घरात कप गेलेला मला बघायचाय, मॅविस."

किती मायेनं केलं होतं त्यानं! खरंच सांगते, मला रडू यायचं बाकी होतं.

क्लिफ आला. नेहमीसारखा वाकला, तळवा फिरवला, आणि तळव्याला ओला पिवळा रंग लागला. तो हाताकडे बघत राहिला. त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला आणि तो धपकन गवतावर बसला. मला वाटलं, हृदयाचं काहीतरी झालं.

"कुणी केलं?"

"मी केलं," सेथ म्हणाला. "आणि आभार नकोत."

"पेट्रोलचा बोळा दे."

"अरे क्लिफ, कप..."

"बोळा दे म्हणतो ना!"

तीस वर्षांच्या संसारात मी त्याला ओरडताना ऐकलं नव्हतं. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. मेजर दोन गाड्या पलीकडे होते, तेही थांबले.

मी त्याला बोळा दिला. तो पुसायला लागला, आणि पुसता पुसता, आमच्याकडे न बघता, बोलायला लागला. लष्करातल्या सक्तीच्या नोकरीत तो गाड्यांच्या कारखान्यात होता, कोवळा पोरगा. कुणी बडा अधिकारी तपासणीला येणार म्हणून हुकूम सुटला की सगळं रंगवा. दगड रंगवले, बादल्या रंगवल्या, कोळशाच्या ढिगालासुद्धा चुना मारला. क्लिफच्या वाट्याला चाकं आली.

"सगळं हिरवं कर म्हणाले, म्हणून मी सगळं हिरवं केलं. लालसकट. किती छान दिसतंय म्हणून सार्जंटनं पाठ थोपटली माझी. दुसऱ्या दिवशी ॲल्बीला चाक बदलायला पाठवलं. ॲल्बी माझ्या शेजारच्या खाटेवरचा. नवीनच होता. त्याला सांगितलं होतं, लाल नटांना हात लावू नकोस. तर त्यानं नाही लावला. लाल एकही नव्हता तिथं."

तो चौथ्या चाकाशी सरकला.

"त्याच्या आईला साहेबांनी लिहिलं की अपघातात गेला. ब्रश माझ्या हातात होता."

मी त्याच्याशेजारी गवतावर बसले, चांगला स्कर्ट होता तरी. इतकी वर्षं हा माणूस माझ्याशेजारी झोपतोय, आणि मी त्याला एका बाटलीवरून टोमणे मारत होते. मी पर्स उघडली आणि माझी नवी बाटली त्याच्या हातात दिली. त्याला आवडलेल्याच रंगाची होती.

त्यानं सगळे नट पुन्हा लाल केले. मेजर आले, टोपी हातात धरून म्हणाले, "मला नियमाप्रमाणेच जावं लागेल, मिस्टर बूथरॉइड." क्लिफ म्हणाला, "जायलाच हवं." दोघांनी हात मिळवले. मेजरांच्या हाताला रंग लागला, तो त्यांनी पुसला नाही.

दुपारी कप जाहीर झाला. सेथच्या बेडफर्डला!

सेथ मंचावर गेला, कप घेतला, आणि कुणीतरी मेलं असल्यासारखा चेहरा करून तडक आमच्याकडे आला. त्यानं कप गवतात ठेवला, उलटा, आणि माझ्यापुढे हात पसरला.

"मॅविस, ती बाटली दे."

तो बेडफर्डच्या चाकाशी गुडघे टेकून बसला. डुक्कर एका हातानं उचलणारा माणूस, पण त्या बारीक ब्रशाला बोटं इतकी जाड की निम्मं पॉलिश टायरवर. क्लिफ जवळ जाऊन उभा राहिला. मेजरही आले.

"सेथ, असं केलंत तर गुण कापावे लागतील मला. कप राहणार नाही."

"कापा की," सेथ मान वर न करता म्हणाला. "खाटकाला काय भीती घालता?"

कप शेवटी एका मोटारसायकलवाल्याला गेला. त्याच्या चाकांना असले नट नसतातच. तो बिचारा आमच्याकडे बघत बघत अपराध्यासारखा कप घेऊन गेला, आणि आम्ही त्याच्यासाठी जोरात टाळ्या वाजवल्या.

सेथनं कंबर सरळ केली. "झालं."

"एक राहिला," क्लिफ म्हणाला. "खालच्या बाजूला."

"बाटली संपली लेका!"

क्लिफनं बाटली त्याच्याकडून घेतली. दुखरा गुडघा आधी एक टेकला, मग दुसरा, मी दंड धरला होता. ब्रशानं तळ खरवडून खरवडून तेवढ्या थेंबात त्यानं तो शेवटचा नट रंगवला, आणि वाळेपर्यंत त्यावर फुंकर घालत बसला.

"झालं बघ," तो हळूच म्हणाला. सेथ तेव्हा माझ्यामागे उभा राहून नाक पुसत होता, त्यामुळे हे त्याला उद्देशून नव्हतं. हे शेजारच्या खाटेवरच्यासाठी होतं.