‘झाला’च्या रकान्यातल्या चिठ्ठ्या

लविनाच्या वाडीत कोणी दार वाजवत नाही. अंगणात पाऊल टाकतानाच "गो लविना, घरात आसंस मां?" अशी हाक येते आणि हाकेच्या मागोमाग माणूस थेट स्वयंपाकघरात शिरतो. त्यामुळे त्या गुरुवारी सकाळी साडेसातला, ती आडोळीवर बसून नारळ खवत असताना पुढच्या दारावर टकटक झाली, तेव्हा तिच्या सासूने, तेरेझाने, पेजेतून मान वर केली.

"कुरियरवालो? इतक्या सकाळी?"

"इतक्या सकाळी तेचो बापूस पण उठूचो नाय, मांय." लविना हात पुसत बाहेर आली.

दारात ओमकार उभा होता. तिच्या टीममधला सगळ्यात शांत मुलगा. आचऱ्याहून मोटारसायकल मारत आलेला, केस वाऱ्याने उभे, हेल्मेट पोटाशी धरलेलं. मालवणच्या बाजारपेठेमागे, एका घराच्या माडीवर त्यांचं ऑफिस होतं. तिथे दोन तासांनी दोघांची गाठ पडणारच होती. तरी हा घरी आला होता, आणि दार वाजवून.

"आत ये रे. चाय घेतलंस?"

"नको ताई. सगळ्यांच्या म्होरं सांगूचा नव्हता, म्हणान हडे इलंय." त्याने हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. "ता कॅलेंडर झाला नाय."

"कुठला?"

"बुकिंगचा. एकाच खोलयेसाठी एकान मुंबैसून मागणी केल्यान आणि दुसऱ्यान पुण्यासून, तर दोघांकय 'या' म्हणता."

आतून तेरेझाचा आवाज आला. "मगे काय झाला? एकाक पडयेत निजव!"

ओमकार हसला नाही. म्हणून लविनाही हसली नाही.

त्यांची टीम पुण्यातल्या एका कंपनीसाठी काम करायची. किनाऱ्यावरच्या घरगुती लॉजवाल्यांना फोनवरून खोल्या देता याव्यात, असं एक ॲप बनवण्याचं काम होतं. उद्या शुक्रवार, उद्या डेमो, म्हणजे गिऱ्हाइकाला पंधरवड्याचं काम चालवून दाखवायचं. आणि कॅलेंडर हाच त्या पंधरवड्याचा कणा होता. त्याची चिठ्ठी मंगळवारपासून फळ्यावर 'झाला'च्या रकान्यात चिकटलेली लविनाने स्वतः पाहिली होती.

"चिठ्ठी कोणी सरकवल्यान?"

"मी."

"झाला नसताना?"

"होयत असा वाटला." मग खाली बघत, "नऊ दिवस तसाच वाटता."

"आणखी कोणाक म्हायत आसा?"

ओमकारने हेल्मेट खाली ठेवलं. एवढ्यात तेरेझाने दोन कप चहा आणून ठेवला आणि आत गेली.

"सगळ्यांका," तो म्हणाला.

लविना ऑफिसला निघाली ती हा एक शब्द डोक्यात घेऊन.

ती मूळची इथलीच. पुण्यात नऊ वर्षं टेस्टिंग केलं. दुसऱ्यांनी बनवलेलं सॉफ्टवेअर घ्यायचं, ते कुठे मोडतं ते शोधायचं, हे तिचं काम. आवडीचं काम. तांदूळ निवडताना खडा बोटाला लागावा तशी चूक तिच्या बोटाला लागायची. नवरा केव्हिन बोटीवर, वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रात. लॉकडाऊनमध्ये ती सासूजवळ राहायला आली ती राहिलीच. मग तिनेच एकदा साहेबांना म्हटलं, आमच्याकडची पोरं तुमच्याकडे खोलीत चार-चार राहतात, मला सहा जणं द्या, मी इथून टीम चालवते. कंपनीने एक वर्षाच्या बोलीवर हो म्हटलं. त्याला आता तीन वर्षं झाली होती.

आणि टीम चालली, नव्हे, धावली. लविना शिकून आली होती ती पद्धत सोपी होती, पण ती तिने मनापासून राबवली. मोठं काम पंधरा-पंधरा दिवसांच्या घासांत तोडायचं. प्रत्येक घासाच्या चिठ्ठ्या करायच्या आणि फळ्यावर लावायच्या. फळ्यावर रकाने तीन, पोरांनी त्यांना आपल्याच भाषेत नावं दिलेली. 'करूचा', 'करतंव' आणि 'झाला'. सकाळी साडेनऊला सगळ्यांनी फळ्यासमोर उभं राहायचं. बसलं की गप्पा लांबतात, म्हणून उभं, आणि नावही स्टँडअप. प्रत्येकाला तीनच प्रश्न. काल काय केलंस, आज काय करतलंस, अडचण काय आसा? पंधरा मिनिटांत आटोपलं पाहिजे. पुण्याहून माणसं येऊन फळ्याचे फोटो काढून नेत. दुसऱ्या टीमच्या प्रमुखांसमोर, 'टीम कशी बांधावी' यावर तिला दोनदा बोलायला लावलं होतं. ती चांगलं बोलली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या वाजवणाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं, की तिला हे प्रमुखपण नको होतं. गेल्या दीड वर्षापासून नको होतं.

दिवसभर सहा जणांचं ऐकायचं, संध्याकाळी पुण्याचं ऐकायचं, जेवताना उद्याचं मनात मांडायचं. अंथरुणावर पडली की कानात रातकिड्यासारखं वाजत राहायचं. मागच्या सुट्टीत केव्हिन सहा आठवडे घरी होता. जाताना बॅग बांधत म्हणाला, "माका घरात एक ऑफिस गावला गो, बायल काय गावली नाय." थट्टेनेच म्हणाला. पण बोटीवर चढल्यावर त्याने चार दिवस फोन केला नव्हता.

सांगून टाकावं असं तिने किती वेळा ठरवलं. मला पुन्हा टेस्टिंगला बसवा, टीम दुसऱ्या कुणाकडे द्या, एवढंच. पण एकदा सांगायला गेली तेव्हा टीममधल्या वेनेसाचं लग्न ठरलं, गावातच, या नोकरीच्या भरवशावर. पुढच्या खेपेला रमीझच्या आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागलं. तो इथे होता म्हणून तिला कोणी नेणारं होतं. कंपनीच्या लेखी ही टीम म्हणजे लविना. लविना बाजूला झाली, तर पहिला प्रश्न येणार, मग ही माडी कशाला ठेवायची? दाराला कुलूप कुणीच लावलं नव्हतं. पण दाराच्या बाहेरच्या बाजूने सहा जणं पाठ टेकून निर्धास्त बसली होती. ढकलायचं तरी कसं?

साडेनऊला सगळे फळ्यासमोर उभे राहिले. ओमकार भिंतीच्या कडेला.

"आज तीन प्रश्न नाय," लविना म्हणाली. "एकच. कॅलेंडरचा कोणाकोणाक म्हायत होता?"

वेनेसा, जिला गप्प बसणं आयुष्यात जमलेलं नव्हतं, म्हणाली, "ताई, तो नऊ दिवस म्हणता 'थोडा रवला'. आमच्याकडे सुतार 'थोडा रवला' म्हणता, तेवा छप्परच नसता."

"तू गप रव गो," रमीझ म्हणाला. "तूच म्हणालंस, बगूया, शुक्रवारपर्यंत होयत."

"आणि तू काय म्हणालंस ता सांग मरे! सांग ताईंका!"

रमीझने मान खाजवली. "तसा काय नाय. डेमोक एका खोलयेक एकच नाव टाकूचा. दुसरा नाव टाकूचाच नाय. मगे कॅलेंडर कशाक चुकता?"

सगळे फस्सकन हसले. लविनाही हसली, तिला आवरलंच नाही. पण हसता हसता तिच्या लक्षात आलं. सहा जणांनी बसून, विचार करून, तिला अंधारात ठेवायचं ठरवलं होतं. तिनेच शिकवलं होतं तसं, एकमेकांना विचारून, कामं वाटून घेऊन, वेळेत.

"कित्या पण?" तिने विचारलं. "अडचण आसा काय, म्हणान मी रोज विचारतंय मां?"

उत्तर ओमकारने दिलं. त्याच्या वडिलांची आचऱ्याच्या किनाऱ्यावर रापण होती. पन्नास माणसं दोरखंडाच्या दोन टोकांना लागून एक लांबलचक जाळं किनाऱ्यावर ओढतात, ती. "पप्पांच्या रापणीत ताई, जाळा पाण्यात आसताना 'मासो नाय' म्हणान कोणी बोलाचा नाय. हातांका कळता, जाळा हलक्या लागता. तरी बोलाचा नाय. एकान तोंड उघडल्यान की बाकीच्यांचे हात ढिले पडतत. जाळा वाळयेर येयसर ओढूचा. मगे बघूचा."

"ह्या जाळा न्हय रे, ओमकार."

"म्हायत आसा. पण तोंडात येयनाच."

"आणि तुमका पुण्याक मान खाली घालूक लागतली," वेनेसा म्हणाली. आता तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "तुमीच सांगलेलात मां, पयल्या महिन्यात. एक पंधरवडो फसलो, तर ही खोली बंद आणि आमी परत पुण्याक."

"मी? मी असा सांगलंय?"

"हयसरच उभ्या रवान. मिया ता घराक जावन आवशीक सांगलंय. ती रडली."

लविनाला आठवेना. मग आठवलं. पहिल्याच महिन्यात काम मागे पडलं होतं, ती घाबरली होती, आणि ती भीती तिने त्यांच्यासमोर एका वाक्यात ओतली होती. तिच्यासाठी वाक्य तिथेच संपलं. यांनी मात्र ते तीन वर्षं जपून ठेवलं होतं. रोज सकाळी ती 'अडचण काय?' विचारायची, तेव्हा ही सहा जणं त्याच्या आड ते जुनं वाक्य ऐकत होती. तीन वर्षांत अडचणीची म्हणून एकही चिठ्ठी फळ्यावर लागली नव्हती, आणि ती टीमची हुशारी म्हणून तिने पुण्याला टाळ्या घेतल्या होत्या.

"आता काय करूचा?" रमीझने विचारलं.

"खरा सांगूचा," लविना म्हणाली आणि लॅपटॉप घेऊन काचेच्या खोलीत गेली.

पुण्याहून आकांक्षा पडद्यावर आली. लविनाची वरिष्ठ, तिच्याच वयाची, बोलायला गोड आणि कायम घाईत. लविनाने आडवळण न घेता सांगितलं, कॅलेंडर तयार नाही, चिठ्ठी चुकीच्या रकान्यात होती, उद्या दाखवण्यासारखं काही नाही, आणखी दोन आठवडे लागतील. दोष ओमकारचा नव्हे, माझा, असंही सांगितलं. आता ती म्हणेल, मग तिथे माडी कशाला? त्याची ती वाट बघत राहिली.

आकांक्षाने कपाळ चोळलं. "लविना, बरं झालं आज सांगितलंस, उद्या सगळ्यांसमोर कळलं असतं तर अवघड होतं. गिऱ्हाइकाशी मी बोलते. दोन आठवडे देते मी तुला."

एवढंच. तीन वर्षं जिला घाबरून सगळे चिडीचूप होते, ती गोष्ट पाच मिनिटांत उरकली होती. लविनाला हायसं वाटायला हवं होतं.

"फक्त एक," आकांक्षा पुढे म्हणाली. "या दोन आठवड्यांत तू स्वतः रोज संध्याकाळी मला फोन करायचा. मला तुझ्याच तोंडून ऐकायचंय, मग मला काळजी नाही. आणि हो, रत्नागिरीला आपण नवी टीम करतोय ना, ती पुढच्या महिन्यापासून तूच बघायचीस. मी वर सांगूनही टाकलंय. असं खरं सांगणारा माणूस मिळतो कुठे? तुला काही अडचण नाही ना?"

हा प्रश्न आकांक्षा दर सोमवारी विचारायची. आणि दर सोमवारी लविना म्हणायची, "नाही, सगळं छान चाललंय." तेच वाक्य आताही जिभेवर येऊन बसलं, तयार, गुळगुळीत, मंगळवारपासून 'झाला'मध्ये चिकटलेल्या चिठ्ठीसारखं. मघाशी बाहेर तिने ज्या पोराला, 'ह्या जाळा न्हय रे' म्हणून सुनावलं, त्याच्याहून जुना दोर ती स्वतः ओढत होती. हातांना कधीच कळलं होतं.

काचेपलीकडे सहा जणं अजून उभीच होती. बसायचं त्यांना सुचलं नव्हतं. रमीझ नखं खात होता. टीम सोडते, असं आज म्हणणं शक्य नव्हतं. ओमकारच्या चुकीच्या दिवशी तर मुळीच नाही, तो जन्मभर स्वतःला दोष देत बसला असता. रत्नागिरी नको म्हटलं तर आकांक्षाची वर शोभा झाली असती. जिकडे हात घालावा तिकडे कोणीतरी होतंच.

"लविना? आवाज येतोय ना माझा?"

"येतोय."

"मग? चालेल ना?"

लविना घोटभर पाणी प्यायली.

"संध्याकाळी फोन करीन," ती म्हणाली. "रत्नागिरीचं आज हो म्हणत नाही, आणि नाहीही म्हणत नाही. माझी एकच छोटी विनंती आहे, आकांक्षा. उद्यापासून सकाळचा स्टँडअप मी घेणार नाही, तो टीममधल्या दुसऱ्या कुणाला तरी घेऊ दे. मी बाकीच्यांसारखी रांगेत उभी राहीन. आणि माझी पाळी आली की मलाही विचारायचं, अडचण काय आहे म्हणून."