केबिनमधली तिसरी

इथे दुबईत आज इस्त्रीच्या चादरीचा वास आला आणि गोव्याच्या क्रूझवरची ती दुपार आठवली. दादा-वहिनीच्या केबिनमध्ये तिसरी मी, नववीत शाळा सोडलेली नणंद. आपली त्यांना अडचण होईल, हीच धास्ती. लालबागच्या सवयीनं चपला दाराबाहेर काढल्या, तर वहिनी ओरडली, “शोभे, ही काय आपली चाळ आहे? कुणी उचलल्या तर गोव्यात अनवाणी फिरशील!” मग दादाला दटावलं, “घोरणाऱ्यांनी वरच्या बर्थवर चढायचं,” आणि मला शेजारी ओढलं. इतक्या हक्कानं मला कुणीच जागा दिली नव्हती. तरी मी अंग चोरूनच पडले.

आता इथे दुबईत अख्खी खोली माझी आहे. पण झोपते भिंतीला चिकटूनच, अर्धा पलंग मोकळा सोडून.